सर्जरी घ्यावी का? उत्तर ऑपरेशन थिएटरबाहेरही शोधा

नीट-पीजीचा निकाल लागला की पसंतीक्रम भरण्याआधीच्या दिवसांत काही इंटर्न माझ्याकडे येतात आणि सगळे एकच प्रश्न विचारतात, "सर, सर्जरी घेऊ का?" त्यांच्याजवळ रँक असते, घरच्यांचे मत असते, एखाद्या सीनियरचा सल्ला असतो आणि पोस्टिंगमध्ये जवळून पाहिलेल्या दोन-चार ऑपरेशनांची ओढ असते. ही ओढ खरी असते आणि तिला मी कमी लेखत नाही. पण पहिल्यांदा उघडलेले पोट पाहताना जे काही वाटते ते बहुतेक सगळ्यांनाच वाटते, आणि तेवढ्यावरून पुढची तीस-पस्तीस वर्षे ठरवता येत नाहीत. ऑपरेशन हा सर्जनच्या कामाचा एक भाग आहे. बाकीचा वेळ ओपीडीत, वॉर्डात, नातेवाइकांशी बोलण्यात, ड्रेसिंगमध्ये आणि ज्याचे पोट आपण परवा उघडले त्याची नाडी आज किती आहे हे पाहण्यात जातो. हा भाग तुम्हाला मनापासून करावासा वाटतो का, यावरच सर्जरी तुम्हाला मानवेल की नाही हे मुख्यतः ठरते, असे माझे मत आहे.

आधी वाटेची लांबी समजून घेऊ, कारण घरच्यांशी बोलताना ती स्पष्ट असावी लागते. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष झाले, की नीट-पीजी देऊन एमएस जनरल सर्जरीची तीन वर्षे करावी लागतात. मोठ्या खासगी रुग्णालयांत त्याच दर्जाचा डीएनबी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. हाडांची सर्जरी, डोळे, कान-नाक-घसा आणि स्त्रीरोग-प्रसूती याही शस्त्रक्रियेच्याच शाखा आहेत, पण त्यांचे प्रवेश सुरुवातीपासून स्वतंत्र होतात. जनरल सर्जरीनंतर मेंदू, मूत्रमार्ग, हृदय, प्लास्टिक सर्जरी, लहान मुलांची सर्जरी किंवा कर्करोगाची सर्जरी करायची असेल, तर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन एमसीएच या पुढच्या पदवीची आणखी तीन वर्षे जातात. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना त्यात बाँडच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या शासकीय सेवेचा काळ धरावा लागतो. अठराव्या वर्षी वैद्यकीयला लागलेली, एकही वर्ष वाया न घालवलेली मुलगीसुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर मोठी ऑपरेशने करू लागते तेव्हा तिशीच्या आसपास असते, आणि एमसीएच केले तर तिशी ओलांडलेली असते. घरात कमावणारे दुसरे कोणी नसेल, धाकट्या भावंडांची शिक्षणे व्हायची असतील, तर हा हिशोब नीट-पीजीच्या आधीच मोकळेपणाने मांडावा. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आता हाताबद्दल. "माझा हात थोडा थरथरतो, मला जमेल का?" हे मला सर्वांत जास्त विचारले जाते. थोडा कंप प्रत्येकाच्याच हाताला असतो. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेनंतर किंवा जास्त चहा-कॉफीनंतर तो वाढतो, आणि कोणी वरिष्ठ पाहत उभे असतील तर आणखीच वाढतो. मनगट टेकवायला जागा कशी शोधायची, कोपर अंगाजवळ कसे ठेवायचे, टेबलाची उंची कशी घ्यायची, हे सगळे शिकता येते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय अध्याय, याच विषयावर आहे. माणसावर शस्त्र चालवण्याआधी विद्यार्थ्याने छेद घेण्याचा सराव दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा, शिरेला वेध घेण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा, खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर करावा आणि टाके घालण्याचा कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. ज्याने सर्व शास्त्र वाचले आहे पण असा सराव केलेला नाही तो कर्माला अयोग्य, असेही तिथे म्हटले आहे. आजचा जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, अ‍ॅप्रनच्या बटणाला नाहीतर खुर्चीच्या दांड्याला सिल्कचा धागा अडकवून रात्री गाठी मारतो, तेही हेच काम आहे.

ही गाठ नीट पाहण्यासारखी असते. धागा एका बाजूने खाली गेला की पुढच्या फेऱ्यात तो उलट बाजूने जावा लागतो, आणि प्रत्येक फेऱ्याला हातांची दिशा बदलावी लागते. तसे झाले तर गाठ चौरस बसते आणि घट्ट राहते. दोन्ही फेरे एकाच बाजूने पडले, तर गाठ वरून अगदी तशीच दिसते, पण ताण आला की सरकते. रक्तवाहिनीवरची अशी गाठ पेशंट वॉर्डात गेल्यावर, रक्तदाब वाढल्यावर सुटू शकते. म्हणून गाठ पटकन मारता येते का यापेक्षा, शंभरावी गाठही पहिल्या गाठीइतक्याच लक्षपूर्वक मारावीशी वाटते का, हे स्वतःला विचारावे. डावखुऱ्यांनाही मी नाही म्हणत नाही. नीडल होल्डरचा, म्हणजे टाक्याची सुई धरण्याच्या अवजाराचा, खटका उजव्या अंगठ्याच्या दाबाने सुटेल असा बनवलेला असतो, त्यामुळे डाव्या हाताने तो सोडताना अंगठ्याची चाल उलटी शिकावी लागते. सुरुवातीला त्याने चिडचिड होते, पण काही महिन्यांत ती चाल अंगवळणी पडते.

हाताचे हे प्रश्न सरावाने सुटतात. निर्णयाचा प्रश्न मात्र वयाबरोबर अवघड होत जातो, म्हणून त्यावर जरा थांबू या.

पित्ताशयाचे ऑपरेशन घ्या. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पद्धत भारतात १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी सुरू केली आणि आज ती तालुक्याच्या गावीही होते. तिच्यातला सर्वांत नाजूक क्षण कापण्याच्या आधीचा असतो. पित्ताशयाकडे जाणारी एक बारीक नळी आणि एक बारीक धमनी, या दोनच गोष्टी क्लिप लावून कापायच्या असतात. पण शेजारीच यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी असते, आणि सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात ती ओढली जाऊन त्या बारीक नळीसारखीच दिसू शकते. म्हणून नियम असा आहे, की सभोवतालची चरबी आणि तंतू साफ करून पित्ताशयाचा खालचा भाग यकृताच्या पृष्ठभागापासून मोकळा करायचा, पित्ताशयात फक्त दोनच रचना जाताना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, आणि त्या दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही.

त्या दिसल्या नाहीत तर काय? दीड तास झालेला असतो, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत असतात, बाहेर पुढचा पेशंट उपाशी बसलेला असतो, आणि "हीच ती नळी असणार" असे मनाचा एक भाग सांगत असतो. अशा वेळी हात मागे घेणे, वरिष्ठांना बोलावणे, पोट उघडण्याचा निर्णय घेणे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून सुखरूप बाहेर येणे, हे सगळे मान्य मार्ग आहेत. मुख्य नळी कापली गेली, तर चाळिशीतल्या धडधाकट माणसाला पुढे मोठे ऑपरेशन, वारंवार कावीळ आणि वर्षानुवर्षे दवाखान्याच्या खेपा भोगाव्या लागू शकतात. ज्याला स्वतःची शंका ऐकू येते आणि चार लोकांसमोर ती बोलून दाखवण्याची लाज वाटत नाही, असा विद्यार्थी मला सर्जरीसाठी योग्य वाटतो. धाडसी म्हणून ज्याची ख्याती आहे त्याच्याबद्दल मला थोडी काळजीच वाटते.

तरीही गुंतागुंत होते. सगळे नीट करूनही होते, आणि कधी आपल्या हयगयीमुळेही होते. एमएस झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याच्या आतड्याचा सडलेला भाग काढून दोन टोके जोडली होती. असा जोड फुटायचा असेल तर बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास फुटतो, हे मला पाठ होते. चौथ्या दिवशी त्यांना वारा सरला, पाचव्या दिवशी ते बसून चहा मागत होते आणि मी खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेलो. खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर नाडीचे आकडे होते: ८४, ८८, ९६, ११२. ताप नव्हता, पोट मऊ होते, आणि कारण नसताना चढत जाणारी नाडी मी सकाळच्या राऊंडला पाहिलीच नाही. रात्री पावणेदोनला ड्युटीवरच्या जेआरचा फोन आला, "सर, पल्स १३० आहे आणि पोट कडक लागतंय." पहाटे आम्ही पुन्हा पोट उघडले, जोड सुटला होता, आणि आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावावी लागली.

ऑपरेशनपेक्षा त्यानंतरची दहा मिनिटे मला जास्त जड गेली. त्यांच्या पत्नीला मला सांगायचे होते, की मी घातलेला जोड सुटला आहे, जीव सध्या वाचला आहे, पण पुढचे काही महिने ही पिशवी राहील, आणि हे सकाळीच लक्षात आले असते तर काही तास वाचले असते. मी ते सांगितले. त्या गप्प राहिल्या आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "पिशवी कशी धुवायची, ते कोण शिकवेल?" पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी रोज सकाळी सर्वांत आधी त्या खाटेपाशी जात होतो. ज्या पेशंटला आपल्यामुळे त्रास झाला त्याच्या खाटेकडे रोज जाणे, नजर न चुकवता त्याचे ड्रेसिंग करणे आणि त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या कोणाचे तरी आतडे पुन्हा तितक्याच शांतपणे जोडणे, हे या शाखेतले सर्वांत कठीण काम आहे, असे मी आजही मानतो. चूक झाल्यावर जो पूर्ण कोसळतो त्याला इथे त्रास होतो. ज्याला काहीच वाटत नाही त्याचा त्रास पेशंटला होतो. मधली जागा सापडायला वर्षे लागतात, आणि ती सापडण्यासाठी चुकांवर मोकळेपणाने बोलणारे युनिट मिळावे लागते. कॉलेज निवडताना केसेसची संख्या सगळेच विचारतात. मृत्यू आणि गुंतागुंतीची मासिक बैठक तिथे खरोखर होते का, आणि तिच्यात वरिष्ठ स्वतःच्या केसेस मांडतात का, हेही विचारा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावण्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो हे स्पष्ट केले. आणि २००८ च्या समीरा कोहली निकालानुसार, जीव वाचवण्याची निकड नसेल तर एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही. यातून शिकायची गोष्ट अशी, की संमतिपत्रावरची सही ही संभाषणाची पोच असते. ते संभाषण सर्जनने स्वतः, पेशंटच्या भाषेत, पेशंटला वेळ देऊन केलेले असले पाहिजे. बोलण्याचा कंटाळा आहे म्हणून सर्जरी घेणाऱ्यांची इथे फार मोठी निराशा होते.

एकट्याने काम करायला आवडणाऱ्यांचीही तीच गत होते. ओटीत भूलतज्ज्ञ, सिस्टर, तंत्रज्ञ, मामा आणि मावशी यांच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलेली गोष्ट जीव वाचवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असे तीनदा थांबून ती मोठ्याने वाचायची असते. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत नवे तंत्र काहीच नव्हते; बाजू कोणती, अँटिबायोटिक दिले का, रक्त लागले तर आहे का, असेच प्रश्न होते. "सर, डावा हर्निया लिहिलाय, खूण उजवीकडे आहे," हे सगळ्यात कनिष्ठ सिस्टरला निर्धास्तपणे म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकून तुम्हाला कृतज्ञता वाटली पाहिजे.

रेसिडेन्सीच्या तासांबद्दल मी गोड बोलणार नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांची आणि आठवडा ४८ तासांचा असावा असे म्हटले होते, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वाजवी तास, विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. प्रत्यक्षात सर्जरीच्या जेआर वनला इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर जाणे बऱ्याच ठिकाणी आजही चुकलेले नाही. हे योग्य आहे असे मला वाटत नाही. न झोपलेला माणूस शिकतही नाही आणि नीट कामही करत नाही. पण निर्णय घेणाऱ्याने आजची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहा: सलग जागरण झाले की तुम्ही हळू होता, की लोकांवर ओरडू लागता? पाठ, मान, पाय चार-पाच तास उभे राहण्याला साथ देतात का? हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण झाले आहेत का? हातमोज्यातून सुई टोचण्याचा प्रसंग या शाखेत कधी ना कधी येतोच. आणि मन फारच खचत असेल तर ते लपवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डॉक्टरांसाठीही आहे.

मुलींना अजूनही "सर्जरी कशाला, स्त्रीरोग घे" असे सांगितले जाते. गर्भारपण आणि रेसिडेन्सी एकत्र आली तर अडचणी खऱ्या असतात, त्यावर घरी आणि विभागात आधी बोलावे. पण हाताच्या, बुद्धीच्या किंवा तग धरण्याच्या बाबतीत त्या सल्ल्याला काहीही आधार नाही.

बहुतेक जनरल सर्जन पुढे कोणते काम करतात, हेही पाहून ठेवावे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी रोजचे काम हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, मूळव्याध, भगंदर, पित्ताशयातले खडे, गळू, अपघात आणि मधुमेहाने सडलेले पाय यांचे असते. त्या पायाची पट्टी सोडल्यावर खोलीभर पसरणारा वास, एकेक मृत पापुद्रा कापत राहणे, आणि दोन महिन्यांनी तिथे लाल, निरोगी, दाणेदार मांस दिसू लागणे, यात ज्याला समाधान मिळते तो या शाखेत सुखी राहतो. स्वतःचे हॉस्पिटल काढायचे तर कर्ज, नर्सिंग होमची नोंदणी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे आणि माणसांचे पगार हेही सर्जनलाच पाहावे लागते. पत्नी किंवा पती भूलतज्ज्ञ असलेली जोडपी आपल्याकडे इतकी दिसतात त्याचे एक कारण हेही आहे. ते नको असेल तर शासकीय सेवा, अध्यापन किंवा मोठ्या रुग्णालयातली नोकरी असे मार्ग आहेत. एमएसच्या काळात जिल्हा रुग्णालयात काढायचे तीन महिने अनेकांना रटाळ वाटतात. ते खरे तर ही निवड करण्यासाठी मिळालेली उत्तम संधी आहेत.

हे सगळे वाचून ठरवण्यापेक्षा इंटर्नशिपच्या सर्जरी पोस्टिंगमध्ये तपासून पाहावे. एक पेशंट निवडा, शक्यतो साधा, अपेंडिक्सचा किंवा हर्नियाचा. कॅज्युअल्टीत त्याचे पोट तपासण्यापासून सुरुवात करा, संमती घेताना शेजारी उभे राहा, स्क्रब होऊन रिट्रॅक्टर (छेदाच्या कडा बाजूला ओढून धरण्याचे अवजार) धरा, रात्री स्वतः जाऊन त्याची नाडी आणि लघवीचे प्रमाण लिहा, टाके काढेपर्यंत रोजचे ड्रेसिंग तुम्हीच करा. नंतर हेच एका अत्यवस्थ पेशंटच्या बाबतीत करा. युनिटच्या इमर्जन्सीचे पूर्ण दोन दिवस तिथेच राहा आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला काय आठवते ते पाहा. फक्त ओटीतलेच आठवत असेल आणि वॉर्डात जाणे ओझे वाटले असेल, तर भूलशास्त्र, रेडिऑलॉजीतल्या हस्तक्षेपाच्या प्रक्रिया किंवा मेडिसिननंतर एंडोस्कोपीकडे जाणारा मार्ग यांचा विचार करा. तिथेही हाताला काम आहे, आणि ते तितकेच जबाबदारीचे आहे.

आणि ज्यांनी सीट घेतली आहे, ज्यांचे पहिले सहा महिने चालू आहेत आणि जे रोज रात्री सोडून देण्याचा विचार करतात, त्यांना इतकेच सांगायचे आहे, की त्या सहा महिन्यांत तुम्ही सर्जरी फारशी करतच नसता. रिपोर्ट गोळा करणे, रक्ताच्या बाटल्या आणणे, फाइली भरणे यातच दिवस संपतो. तेवढ्यावरून या शाखेबद्दल मत बनवू नका. स्वतः तपासलेल्या, स्वतः असिस्ट केलेल्या आणि स्वतः घरी पाठवलेल्या दहा पेशंटची नावे एका वहीत लिहून काढा, ते फॉलोअपला येतील त्या दिवशी ओपीडीत बसा, आणि त्यानंतर तुमच्या युनिटमधल्या ज्या वरिष्ठांवर तुमचा विश्वास आहे त्यांच्याकडे ती वही घेऊन जा.